हजरत उमर (रजि.) यांची दहा वर्षे

रमजानमध्ये इशाच्या नमाजनंतर मशिदी भरून जातात. पुढे एक हाफिज कुरआन पठण करतो आणि मागे सफांमागून सफा उभ्या राहतात. तरावीहची ही सामुदायिक शिस्त हिजरी सन १४ मध्ये मदिनेत लागली. प्रेषित मुहंमद (स.) यांनी काही रात्री ही नमाज जमातीने पढवली होती, पण ती लोकांवर फर्ज होऊन बसेल या विचाराने पुढे थांबवली. त्यानंतर लोक आपापल्या सोयीने पढत. एका रमजानच्या रात्री दुसरे खलिफा हजरत उमर बिन खत्ताब (रजि.) मशिदीत आले, तेव्हा कुणी एकटाच उभा होता, कुणाच्या मागे चार-पाच माणसे होती. या सगळ्यांना एका इमामामागे उभे केले तर बरे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी हजरत उबई बिन काब (रजि.) यांना पुढे केले. दुसऱ्या रात्री ते परत आले आणि एका सुरात उभी असलेली जमात पाहून समाधान पावले. मात्र जाता जाता त्यांनी हेही सांगितले की, रात्रीचा जो शेवटचा प्रहर लोक झोपेत घालवतात, त्या वेळची इबादत याहून श्रेष्ठ आहे.

ज्या हिजरी सनात हा रमजान मोजला जातो, तो सनही त्यांच्याच काळातला. निमित्त अगदी कारकुनी होते. एक दस्तऐवज समोर आला, त्यावर फक्त शाबान महिना लिहिलेला होता. हा शाबान कोणता, मागचा की येणारा, याचा उलगडा होईना. इराकहून हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनीही कळवले होते की, खलिफांची पत्रे येतात, पण कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे ते समजत नाही. सल्लामसलत झाली. कुणी इराण्यांची कालगणना सुचवली, कुणी रोमनांची. हजरत अली (रजि.) यांच्या सूचनेनुसार मक्केहून मदिनेला झालेल्या हिजरतीपासून वर्षे मोजायचे ठरले. जन्मापासून नव्हे, युद्धातल्या विजयापासूनही नव्हे, तर घरदार सोडून निघालेल्या प्रवासापासून.

नमाजच्या सफा लावणे आणि कागदांना तारखा लावणे, ही दोन्ही कामे एकाच स्वभावाच्या माणसाने केली. हजरत उमर यांच्या न्यायाच्या आणि साधेपणाच्या गोष्टी मकतबातल्या मुलांनाही तोंडपाठ असतात. रात्री वेश बदलून फिरणारा, पाठीवर पिठाचे पोते वाहणारा, ठिगळांचा कुर्ता घालणारा खलिफा सर्वांच्या ओळखीचा आहे. पण रात्री पाहिलेल्या दुःखाचे सकाळी सरकारी नियमात रूपांतर करणारा कारभारी तेवढा ओळखीचा नाही. इ. स. ६३४ ते ६४४ ही त्यांची दहा वर्षे. या दहा वर्षांत एका लहानशा शहराचे राज्य इराण, शाम आणि मिसरपर्यंत पसरले, एक भयंकर दुष्काळ आला आणि एक महामारीही आली.

मक्केत कुरैश टोळीच्या बनू अदी या शाखेत त्यांचा जन्म झाला. हे घराणे कुरैशांत फार वजनदार नव्हते. वडील खत्ताब कडक स्वभावाचे. लहानपणी हजरत उमर त्यांचे उंट चारत आणि मार खात. खलिफा झाल्यावर एकदा त्याच माळावरून जाताना त्यांनी सोबत्यांना ही आठवण सांगितली होती. उंचेपुरे शरीर, कुस्तीची आवड, व्यापारासाठी प्रवास आणि त्या काळी दुर्मीळ असलेली गोष्ट म्हणजे लिहिता-वाचता येणे. इतिहासकार बलाजुरी यांच्या नोंदीनुसार, इस्लामच्या उदयाच्या वेळी कुरैशांत लिहिता येणारी माणसे अवघी १७ होती, त्यांत ते एक. आधी ते नव्या धर्माचे कट्टर विरोधक होते. बहीण फातिमा यांच्या घरी सूरह ताहाच्या आयती कानी पडल्या आणि त्यांचे मन पालटले, ही हकिकत सर्वपरिचित आहे. पुढे प्रेषितांच्या सर्वांत जवळच्या सहकाऱ्यांत त्यांची गणना झाली. त्यांची कन्या हजरत हफ्सा (रजि.) या प्रेषितांच्या पत्नी.

पहिले खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांनी मृत्युशय्येवर उत्तराधिकारी म्हणून त्यांचे नाव लिहवून घेतले, तेव्हा काही ज्येष्ठांनी त्यांच्या तापटपणाची शंका बोलून दाखवली. शंका निराधार नव्हती. हातात चाबूक घेऊन बाजारात फिरणाऱ्या या माणसाचा धाक मोठ्यामोठ्यांना होता. पण सत्ता हाती आल्यावर त्या चाबकाचा रोख दुबळ्यांपेक्षा अधिकाऱ्यांकडे आणि घरच्या माणसांकडे जास्त वळला, असे त्यांचा पुढचा कारभार सांगतो.

इ. स. ६३६ च्या सुमारास यरमूकच्या लढाईत रोमन फौजा हरल्या आणि कादिसियाच्या लढाईत इराणी फौजा. लवकरच इराणची राजधानी मदाइन पडली. तिथून मदिनेला जी लूट आली, तीत शाही महालातला एक अवाढव्य गालिचा होता. सोन्याची जमीन, रत्नांची फुले, हिवाळ्यातही बाग पाहत बसण्यासाठी केलेला. तो जपून ठेवावा असे काहींचे मत पडले. हजरत अली यांनी तो वाटून टाकण्याचा आग्रह धरला आणि गालिचा कापून वाटला गेला. हजरत अली यांच्या वाट्याचा तुकडा २०,००० दिरहमांना विकला गेला, असे तबरी लिहितात. तो तुकडा काही सर्वांत चांगलाही नव्हता! पुढे अशीच संपत्ती पुन्हा समोर आली, तेव्हा हजरत उमर रडले. आनंदाच्या वेळी अश्रू का, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की, जिथे ही संपत्ती येते तिथे हेवा आणि वैरही येते.

गालिचा कापता आला, पण जमीन? इराकमधला सवाद म्हणजे दजला आणि फुरातच्या काठचा काळाभोर सुपीक पट्टा. प्रथेप्रमाणे जिंकलेल्या मालाचा पाचवा हिस्सा बैतुलमालला आणि उरलेले चार हिस्से सैनिकांना मिळत. जमिनीलाही हाच नियम लावा, अशी मागणी झाली. मागणी करणारे कुणी किरकोळ लोक नव्हते. हजरत बिलाल (रजि.), हजरत जुबैर (रजि.), हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यासारखे सहाबी होते. त्यांचा मुद्दाही साधा होता. ज्यांनी तलवार चालवली त्यांचा हक्क, जे तिथे नव्हते त्यांना का द्यायचा?

हजरत उमर यांचे म्हणणे असे की, आज ही जमीन कसणाऱ्यांसह वाटून टाकली, तर उद्या जन्माला येणाऱ्यांना काय उरेल? सीमांचे रक्षण कशावर होईल? विधवा आणि अनाथ यांना कुठून द्यायचे? वाद दिवसेंदिवस चालला. त्यांनी अन्सारांपैकी दहा जणांना बोलावले, पाच औस टोळीचे आणि पाच खजरजचे. आपण खलिफा आहोत म्हणून ऐकू नका, आपणही तुमच्यापैकीच एक आहोत, असे सांगून बाजू मांडली. शेवटी सूरह हश्रमधल्या आयतींचा आधार मिळाला, ज्यांत मुहाजिर आणि अन्सार यांच्यानंतर पुढे येणाऱ्यांचाही उल्लेख आहे. जमीन कसणाऱ्यांच्याच हातात राहिली, त्यांनी खराज म्हणजे शेतसारा द्यायचा आणि तो सर्वांच्या खजिन्यात जमा व्हायचा, असे ठरले. हजरत उस्मान बिन हुनैफ (रजि.) आणि हजरत हुजैफा बिन यमान (रजि.) यांच्याकडे मोजणीचे काम सोपवले गेले. काझी अबू यूसुफ यांच्या किताबुल खराज या ग्रंथात मोजलेल्या जमिनीचा आकडा ३ कोटी ६० लाख जरीब दिला आहे. पिकापिकाप्रमाणे दर वेगळे ठरले.

या एका निर्णयाने दहा वर्षांतले बाकीचे निर्णय शक्य केले. जमीन वाटली गेली असती तर काही हजार सरदार घराणी तयार झाली असती आणि खजिना रिकामा राहिला असता.

खजिना भरला तसा वाटपाचा प्रश्न आला. शामच्या राजांकडे नोंदवह्या असतात, हे कुणीतरी सुचवले आणि दिवान सुरू झाला. मराठीतले दिवाण, दिवाणी, दिवाणखाना हे शब्द ज्या शब्दाचे वंशज, तोच हा दिवान. वंशावळीचे जाणकार अकील बिन अबी तालिब, मखरमा बिन नौफल आणि जुबैर बिन मुतइम या तिघांना नावे लिहायला बसवले गेले. त्यांनी आधी प्रेषितांचे घराणे बनू हाशिम, मग अबू बकर यांचे आणि मग उमर यांचे घराणे असा क्रम लावला. हजरत उमर यांनी तो खोडायला लावला. प्रेषितांशी नात्याने जो जितका जवळ तितका वर, आणि बनू अदी त्यांच्या खऱ्या जागी, म्हणजे बरेच खाली. त्यांचे भाऊबंद तक्रार घेऊन आले आणि बोलणी खाऊन परत गेले.

वजिफ्याच्या रकमा सारख्या नव्हत्या. हजरत अबू बकर यांनी सर्वांना समान वाटले होते. हजरत उमर यांनी इस्लामसाठी कुणी किती आणि केव्हा सोसले यावर प्रतवारी लावली. बद्रच्या लढाईत लढलेल्या मुहाजिरांना वर्षाला ५,००० दिरहम, त्यानंतरच्यांना उतरत्या क्रमाने. प्रेषितांच्या पत्नींना सर्वांत जास्त. स्वतःचा मुलगा अब्दुल्लाह याला त्यांनी उसामा बिन जैद यांच्यापेक्षा कमी दिले. उसामा हे मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र. मुलाने कारण विचारले, तर उत्तर मिळाले की, उसामाचे वडील प्रेषितांना तुझ्या वडिलांपेक्षा जास्त प्रिय होते. एवढे असूनही ही प्रतवारी पुढे अडचणीची ठरली. मोठ्या रकमा ज्यांच्याकडे गेल्या ते त्या व्यापारात घालून आणखी श्रीमंत झाले. अखेरच्या काळात खुद्द हजरत उमर यांनी, पुढच्या वर्षापर्यंत जगलो तर सर्वांना एका पातळीवर आणीन, असा मनोदय व्यक्त केल्याची नोंद आहे.

मुलांनाही वजिफा होता, पण दूध सुटल्यानंतर. एकदा व्यापाऱ्यांचा तांडा मदिनेबाहेर ईदगाहपाशी उतरला होता. हजरत उमर आणि अब्दुर्रहमान बिन औफ रात्री राखणीला बसले. एक तान्हे मूल सारखे रडत होते. हजरत उमर यांनी दोनदा जाऊन आईला समज दिली. तिसऱ्यांदा चिडून विचारले तेव्हा त्या बाईने, समोर कोण आहे हे न ओळखता, खरे सांगून टाकले. ती मुलाचे दूध वेळेआधी तोडत होती, कारण उमर दूध सुटलेल्या मुलालाच वजिफा देतो. मूल काही महिन्यांचेच होते. त्या दिवशी फजरच्या नमाजमध्ये खलिफांच्या हुंदक्यांमुळे त्यांचे पठण लोकांना नीट ऐकू आले नाही. नमाज संपताच मुनादी झाली की, मुलांचे दूध घाईने तोडू नका, यापुढे प्रत्येक मुलाला जन्मापासून वजिफा मिळेल. तेच फर्मान सर्व प्रांतांना गेले. रस्त्यावर टाकून दिलेल्या बेवारस बाळांसाठीही १०० दिरहम आणि दूध पाजणारीचा खर्च बैतुलमालवर पडला.

आपलाच नियम कुठे चुकतोय हे दिसले की तो बदलायला त्यांना लाज वाटत नसे. महरच्या रकमेवर मर्यादा घालण्याचा त्यांचा इरादा एका कुरैशी बाईने कुरआनची आयत दाखवून हाणून पाडला आणि त्यांनी मिंबरवरून ती बाई बरोबर असल्याचे कबूल केले, असे सांगितले जाते. दारोदार भीक मागणारा एक आंधळा म्हातारा ज्यू त्यांना भेटला. जिझिया, गरज आणि म्हातारपण यांनी ही वेळ आणली, असे त्याने सांगितले. त्याला त्यांनी घरी नेऊन काही दिले आणि मग बैतुलमालच्या अधिकाऱ्याला फर्मावले की, या माणसाला आणि याच्यासारख्यांना शोधा. जवानीत कर घ्यायचा आणि म्हातारपणी वाऱ्यावर सोडायचे हा न्याय नव्हे. त्याचा जिझिया माफ झाला. खैबरच्या ज्यूंना आणि नजरानच्या ख्रिश्चनांना अरबस्तानातून हलवण्याचा निर्णयही त्यांच्याच काळातला, हे विसरून चालत नाही. नजरानवाल्यांना बदल्यात इराकमध्ये जमिनी देण्याची व्यवस्था झाली, तरी मूळ गाव सुटले ते सुटलेच.

फौजांसाठी बसरा आणि कूफा ही नवी शहरे वसली. आधी बोरूच्या झोपड्या होत्या. कूफा आगीत जळाले तेव्हा विटांच्या बांधकामाची परवानगी मागितली गेली. ती मिळाली, पण अट पडली की, एका घरात तीनपेक्षा जास्त खोल्या नकोत आणि इमारती उंच नकोत. मुख्य रस्ते ४० हात, त्यानंतरचे ३० आणि २० हात, गल्ल्या ७ हात. आजच्या कुठल्याही नगरपालिकेला हेवा वाटावा! मधोमध मशीद आणि बाजार. याच कूफ्यात विजयी सेनापती हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी बाजाराच्या गोंगाटामुळे आपल्या वाड्याला दार बसवले. फिर्याद घेऊन येणाऱ्याला दार आडवे येते, हे कळताच हजरत उमर यांनी मुहंमद बिन मस्लमा (रजि.) यांना मदिनेहून पाठवले. ते आले, लाकडे विकत घेतली, दार जाळले आणि परत गेले.

नेमणुकीच्या वेळी प्रत्येक सुभेदाराच्या मालमत्तेची यादी होई. मुदतीनंतर ती अवास्तव वाढलेली दिसली तर हिशेब मागितला जाई. हजला सर्व सुभेदारांनी हजर राहायचे आणि तिथे प्रजेने सर्वांसमक्ष तक्रार करायची. यरमूकचे नायक हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनाही पदावरून दूर व्हावे लागले. लोक विजयाचे श्रेय अल्लाहऐवजी एका माणसाला देऊ लागले, हे एक कारण त्यांनी दिले. हा निर्णय त्या वेळीही अनेकांना पटला नव्हता.

या काळाचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. बलाजुरी यांच्या ग्रंथानुसार बहरीन आणि ओमानचे सुभेदार उस्मान बिन अबिल आस यांनी समुद्रमार्गे एक तुकडी ताना, म्हणजे आपल्या ठाण्याकडे, पाठवली. ती सुखरूप परतल्यावर त्यांनी मदिनेला कळवले. शाबासकीऐवजी खरमरीत पत्र आले. लाकडाच्या ढलपीवर किडे बसवावेत तशी माणसे समुद्रावर सोडली, ती बुडाली असती तर तेवढीच माणसे तुझ्या टोळीतून वसूल केली असती, असा त्याचा आशय होता. जमिनीवरच्या युद्धांतही फौज आणि मदिना यांच्या मध्ये मोठे पाणी नसावे, असा त्यांचा दंडक होता. माणसे मोजणाऱ्याला माणसे गमावण्याची भीती जास्त असावी.

हिजरी सन १८, म्हणजे इ. स. ६३९. हिजाजमध्ये पाऊस पडला नाही. जमीन काळवंडली आणि वाऱ्याबरोबर राखेसारखी धूळ उडू लागली, म्हणून त्या वर्षाचे नावच आमुर्रमादा, राखेचे वर्ष, असे पडले. वाळवंटातल्या टोळ्या अन्नासाठी मदिनेभोवती येऊन उतरल्या. हजरत उमर यांनी शहराच्या प्रत्येक बाजूला माणसे नेमली. त्यांनी दिवसभर फिरायचे आणि संध्याकाळी येऊन आपापल्या बाजूची हकिकत सांगायची. मोठमोठ्या देगा चढल्या. एका रात्री त्यांनी जेवणाऱ्यांची मोजणी करायला लावली. पंगतीला आलेले ७,००० भरले. जे येऊ शकत नव्हते अशा आजाऱ्यांना आणि बायकामुलांना अन्न पोहोचवले जाई, ते ४०,००० भरले. काही दिवसांनी पुन्हा मोजले, तर आकडे १०,००० आणि ५०,००० झाले होते.

लोक पोटभर खाईपर्यंत आपण तूप, दूध आणि मांस खाणार नाही, असे त्यांनी ठरवले. फक्त तेल आणि भाकरी. गोरा वर्ण काळवंडला, पोटात गुरगुर होई. त्या वर्षी ते वाचतील की नाही याचीच सोबत्यांना काळजी वाटू लागली. बाजारात तुपाचा बुधला आला आणि नोकराने तो त्यांच्यासाठी महागात घेतला, तेव्हा त्यांनी तो दान करायला सांगितले. लोकांवर जे बेतले आहे ते आपल्यावर बेतले नाही, तर त्यांच्या हालाची कल्पना कशी येणार, हा त्यांचा हिशेब होता.

भुकेल्या टोळ्यांना मदत म्हणून शाम आणि इराकच्या सुभेदारांना पत्रे गेली. हजरत अबू उबैदा (रजि.) धान्याने लादलेले ४,००० उंट घेऊन आले. बऱ्याच वाझांमध्ये ही रसद मिसरहून आल्याचे सांगितले जाते, पण मिसर तेव्हा पुरते हाती आलेच नव्हते. ते हाती आल्यावर मात्र दुष्काळाचा धडा लक्षात ठेवून नीलनदीपासून तांबड्या समुद्रापर्यंतचा बुजलेला जुना कालवा पुन्हा खोदला गेला. खलीज अमीरुल मोमिनीन असे त्याचे नाव पडले. धान्याची जहाजे फुस्तातहून कुल्जुमला आणि तिथून मदिनेच्या अल-जार बंदरात येऊ लागली.

कायद्यानेही त्या वर्षी मान झुकवली. भुकेच्या वर्षात चोरीसाठी हात कापण्याची शिक्षा दिली गेली नाही. दुसऱ्या एका खटल्यात हातिब यांच्या गुलामांनी कुणाचा तरी उंट मारून खाल्ला होता. शिक्षेचा हुकूम आधी निघाला, मग हजरत उमर यांच्या लक्षात आले की मालक त्यांना उपाशी ठेवत असावा. उंटाची किंमत ४०० दिरहम होती. हातिब यांना ८०० भरावे लागले.

आणि जकात. रमजानमध्ये घरोघर जकातीचा हिशेब मांडला जातो, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. राखेच्या वर्षी जनावरांवरची जकात वसूल करायला माणसे पाठवलीच गेली नाहीत. पुढच्या वर्षी पाऊस झाला, चारा उगवला, तेव्हा दोन वर्षांची एकदम घेण्याचा हुकूम निघाला. त्यातली एका वर्षाची तिथल्या तिथे गरिबांत वाटायची आणि एकच वर्षाची मदिनेला आणायची. पाऊस पडल्यावर छावण्यांतल्या लोकांना शिधा आणि सवारी देऊन त्यांच्या मुलखात परत पाठवले गेले.

चाऱ्याचा प्रश्न आला तेव्हाही दृष्टी तीच. सरकारी कुरणाच्या राखणदाराला त्यांनी ताकीद दिली की, थोडकी उंटे-मेंढरे असलेल्याला आत येऊ दे, पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांचे कळप येऊ देऊ नकोस. त्यांची जनावरे मेली तर त्यांच्याकडे शेती आहे, बागा आहेत. गरिबाची मेली तर तो पोरेबाळे घेऊन खलिफांच्या दारात उभा राहील. त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा गवत-पाणी स्वस्त पडते.

याच सुमारास शाममध्ये अमवासची महामारी पसरली. हजरत उमर शामच्या वाटेवर सर्गपर्यंत पोहोचले होते. तिथून परत फिरायचे त्यांनी ठरवले, तेव्हा अबू उबैदा यांनी विचारले की, हे अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळणे नाही का? हजरत उमर यांनी दोन उतारांचे उदाहरण दिले. एक हिरवा, एक उजाड. उंट कुठेही चारला तरी अल्लाहच्याच मर्जीने चारला जाईल, पण शहाणा माणूस हिरव्या उतारावर चारतो. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथून बाहेरही पडू नये, ही प्रेषितांची शिकवण अब्दुर्रहमान बिन औफ यांनी सांगितली आणि वाद मिटला. अबू उबैदा आपल्या माणसांत परत गेले. त्यांना आणि हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांना त्याच साथीत मरण आले. मृतांचा आकडा २५,००० सांगितला जातो.

हिजरी सन २३ च्या अखेरीस हजरत उमर यांनी सवादची मोजणी करणाऱ्या त्याच दोघांना, उस्मान बिन हुनैफ आणि हुजैफा यांना, पुन्हा पुन्हा विचारले की, जमिनीवर तिला पेलणार नाही एवढा सारा तर बसवला नाही ना? दोघांनी नाही म्हणून सांगितले. अल्लाहने आयुष्य दिले, तर इराकच्या विधवांना आपल्यानंतर कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही अशी व्यवस्था करीन, असे ते बोलले. त्यानंतर अवघे चार दिवस गेले.

मदिनेत फीरोज नावाचा एक इराणी कारागीर होता. अबू लूलू या नावाने तो ओळखला जाई. हजरत मुगीरा (रजि.) यांचा तो गुलाम. सुतारकाम, लोहारकाम आणि नक्षीकाम त्याला येई. मालक आपल्याकडून रोज फार पैसे घेतो, अशी तक्रार घेऊन तो खलिफांकडे आला होता. हजरत उमर यांनी त्याचे हुनर विचारले, रक्कम विचारली आणि एवढ्या कसबाच्या मानाने ती जास्त नाही, असे उत्तर दिले. मुगीरांशी बोलण्याचे त्यांच्या मनात होते, असेही नोंदलेले आहे. अगणित गुलाम त्या काळात मुक्त झाले, मूल झालेल्या दासीची विक्री त्यांनीच बंद केली, पण गुलामी उरलीच होती. तो कारागीर समाधान न होता गेला. फजरच्या नमाजला हजरत उमर इमाम म्हणून उभे राहिले असताना त्याने दुधारी खंजीर चालवला. अब्दुर्रहमान बिन औफ यांनी घाईघाईने नमाज पूर्ण केली.

जखमी अवस्थेतही कारभार सुटला नाही. उत्तराधिकारी निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली. मुलगा अब्दुल्लाह सल्ल्याला बसेल, पण खिलाफतीत त्याचा वाटा नसेल, असे बजावले. पुढच्या खलिफासाठी वसीयत केली, तीत मुस्लिमेतर प्रजेशी केलेले करार पाळावेत आणि त्यांच्यावर ताकदीपलीकडचा बोजा टाकू नये, हेही होते. प्रेषित आणि अबू बकर यांच्या शेजारी दफन होण्याची परवानगी त्यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे मागितली. मुलाला सांगितले की, अमीरुल मोमिनीन असे म्हणू नकोस, उमर सलाम सांगतो एवढेच म्हण. परवानगी मिळाली. तरीही, जनाजा दारात नेल्यावर पुन्हा एकदा विचार, असे त्यांनी बजावले.

मग स्वतःचा हिशेब. दोन खंडांपर्यंत पसरलेल्या राज्याच्या खजिन्याच्या कारभाऱ्यावर सुमारे ८६,००० दिरहमांचे कर्ज निघाले. ते आधी घरच्या मालमत्तेतून फेडा, कमी पडले तर बनू अदीकडे मागा, तरी कमी पडले तर कुरैशांकडे, त्यापलीकडे कुणाकडे जाऊ नका, असे त्यांनी मुलाला सांगितले. दफनानंतर आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा अब्दुल्लाह यांनी ती रक्कम नवे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांच्यापुढे आणून ठेवली आणि साक्षीदारांसमोर फेडीची नोंद करून घेतली. कर्जासाठी विकलेल्या घराला मदिनेचे लोक पुढे बराच काळ दारुल कजा, फेडीचे घर, म्हणत.